नायट्रोजनच्या शेजारचा कार्बन: यकृत औषधांचं काय करतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नायट्रोजन असलेली औषधं यकृतातले एन्झाइम नेमकी कशी तोडतात? पुस्तकात डीअल्कायलेशन, डीअमिनेशन, एन-ऑक्सिडेशन, असिटायलेशन अशी लांबलचक यादी आहे, पण कुठल्या औषधाचं काय होणार हे कसं ओळखायचं? तो नायट्रोजन शेवटी युरियात जातो का? विचारणारी मुलगी बी.फार्म.ला आहे आणि तिच्या भावाला टी.बी.ची औषधं सुरू आहेत, म्हणून तिने आयसोनायझिडबद्दल वेगळं विचारलं आहे. मी क्लिनिकल फार्माकॉलॉजी शिकवतो आणि औषधांचा त्रास झालेले रुग्णही बघतो, त्यामुळे या दोन्ही बाजूंनी लिहितो. उत्तर लांब आहे, सवडीने वाच.

आधी ती यादी बाजूला ठेव. एकच गोष्ट डोक्यात पक्की कर: बहुतेक औषधांत यकृत नायट्रोजनला हात लावतच नाही. ते नायट्रोजनला चिकटलेल्या कार्बनवर काम करतं. त्या कार्बनवर हायड्रोजन आहे की नाही, हा पहिला प्रश्न. यादीतल्या निम्म्याअधिक गोष्टी या एका प्रश्नातून सुटतात.

हे काम मुख्यतः सायटोक्रोम पी-४५० या एन्झाइम कुटुंबाचं. माणसात त्याची ५७ जनुकं आहेत, पण औषधांचा बहुतांश भार ३ए४, २डी६, २सी९, २सी१९, १ए२ अशा मोजक्या सभासदांवर असतो. यकृतपेशीतल्या एंडोप्लाझ्मिक जाळीत हे एन्झाइम बसलेले असतात. हिमोग्लोबिनसारखंच त्यांच्या गाभ्यात हीम असतं आणि हीमच्या मध्यभागी लोह. हे लोह एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूकडून आलेले इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्सिजनचा रेणू धरतं, त्यातला एक अणू पाणी करून सोडून देतं आणि दुसरा अतिशय आक्रमक रूपात स्वतःवर धरून ठेवतं. समोर औषध आलं की हा ऑक्सिजन सर्वांत सहज सुटणारा हायड्रोजन शोधतो. नायट्रोजनच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन असा सहज सुटतो, कारण नायट्रोजनकडची इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी तिथला बंध सैल करते. हायड्रोजन निघतो, त्या जागी ओएच बसतो.

इथून पुढे एन्झाइमचं काही काम उरत नाही. एकाच कार्बनवर एका बाजूला ओएच आणि दुसऱ्या बाजूला नायट्रोजन, अशा रेणूला कार्बिनोलअमाइन म्हणतात आणि तो टिकत नाही. आपोआप दुभंगतो. कार्बनचा तुकडा अल्डिहाइड होऊन बाहेर पडतो आणि नायट्रोजन उरलेल्या औषधावर तसाच राहतो, फक्त एका शाखेने कमी होऊन. मिथाइल गट गेला तर फॉर्मल्डिहाइड, इथाइल गेला तर असिटाल्डिहाइड. पुस्तकातलं एन-डीअल्कायलेशन ते हेच.

हे डोळ्यांनी बघता येतं. उंदराच्या यकृताचे मायक्रोसोम, म्हणजे पेशी फोडल्यावर मिळणारे त्या जाळीचे तुकडे, घ्यायचे, त्यात अमिनोपायरीन किंवा एरिथ्रोमायसिन आणि एनएडीपीएच घालून ३७ अंशांवर ठेवायचं, मग आम्ल घालून प्रथिनं खाली बसवायची आणि वरच्या पाण्यात नॅश रिएजंट मिसळून गरम करायचं. फॉर्मल्डिहाइड सुटला असेल तर नळीत स्वच्छ पिवळा रंग येतो, तो ४१२ नॅनोमीटरवर मोजायचा. एनएडीपीएच न घातलेली नळी शेजारी ठेवली तर ती फिकीच राहते. ज्या विद्यार्थ्यांनी या दोन नळ्या शेजारी शेजारी बघितल्या, त्यांना ही अभिक्रिया पुन्हा पाठ करावी लागत नाही. तुमच्या कॉलेजात सोय असेल तर करून बघच.

आता एक औषध नीट बघू. दाताच्या डॉक्टरकडे जे बधिर करायचं इंजेक्शन मिळतं ते लिग्नोकेन. त्याच्या एका टोकाला तृतीयक अमाइन आहे, म्हणजे नायट्रोजनवर दोन इथाइल गट आणि तिसरी फांदी बाकीच्या रेणूकडे. मध्ये एक अमाइड बंध, आणि दुसऱ्या टोकाला दोन मिथाइल गट असलेलं बेंझिनचं कडं. १ए२ आणि ३ए४ हे एन्झाइम आधी एक इथाइल काढतात. जे उरतं त्याचं नाव मोनोइथाइलग्लायसिनझायलिडाइड, सगळे त्याला मेगएक्स म्हणतात. मग दुसरा इथाइल जातो. नंतर अमाइड बंध पाण्याने तुटतो आणि झायलिडीन वेगळं होतं. दोन्ही इथाइल गेले तरी नायट्रोजन अजून रेणूवरच आहे, हे लक्षात घे.

हे सगळं यकृत इतक्या झपाट्याने करतं की लिग्नोकेन तोंडाने दिलं तर साधारण तिसरा हिस्साच रक्तात पोचतो. म्हणून त्याची गोळी नाही. आणि म्हणूनच त्याची सफाई एन्झाइमच्या ताकदीपेक्षा यकृताला किती रक्त पोचतं यावर जास्त अवलंबून असते. हृदय कमजोर झालेल्या रुग्णाला ठोक्यांच्या गडबडीसाठी हे औषध सलाइनमधून चालू असेल, तर यकृताचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो. लिग्नोकेन साचतं, मेगएक्सही साचतं, आणि मेगएक्स निरुपद्रवी नाही. तेही मेंदूवर आणि हृदयावर काम करतं. ओठांभोवती बधिरपणा, जीभ जड होणं, गुंगी, मग स्नायू उडणं आणि शेवटी फिट, या क्रमाने चित्र दिसतं. यकृताचे रिपोर्ट नॉर्मल असतानाही हे होतं. एसजीपीटी हा पेशी फुटल्याचा पुरावा असतो, पेशी किती काम करते हे तो सांगत नाही. हा फरक रुग्णांनाच काय, पुष्कळ डॉक्टरांनाही पुन्हा सांगावा लागतो.

नायट्रोजन कड्यातच असेल तर? निकोटिन घे. इथे २ए६ हा एन्झाइम पाच अणूंच्या कड्यातल्या नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर तीच क्रिया करतो, पण तुकडा सुटून पडत नाही, कारण दोन्ही टोकं एकाच रेणूची आहेत. मग अल्डिहाइड ऑक्सिडेज नावाचा दुसरा एन्झाइम पुढे येतो आणि कोटिनिन तयार होतं. निकोटिन काही तासांत उतरतं, कोटिनिन त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ टिकतं. मिश्री लावणाऱ्या किंवा गुटखा खाणाऱ्या माणसाने 'मी कधीच सोडली' म्हटलं तरी लघवीत हेच कोटिनिन सापडतं.

आणि शेजारच्या कार्बनवर नायट्रोजन एनएच२ म्हणून, एकटाच टांगलेला असेल, तर तीच अभिक्रिया डीअमिनेशन होते. अँफेटामिनमध्ये कार्बिनोलअमाइन दुभंगलं की मोठा तुकडा कीटोन होतो आणि नायट्रोजन अमोनिया होऊन सुटतो. पुस्तकात डीअल्कायलेशन आणि डीअमिनेशन अशी दोन वेगळी शीर्षकं असली, तरी रसायन एकच आहे. कुठला तुकडा मोठा आहे यावर नाव ठरतं. शरीरातल्या स्वतःच्या अमाइन्ससाठी, म्हणजे डोपामिन, सिरोटोनिन यांच्यासाठी, मायटोकाँड्रियात मोनोअमाइन ऑक्सिडेज हा वेगळा एन्झाइम आहे. सुमाट्रिप्टानसारखी काही औषधंही त्याच वाटेने जातात.

युरियाचं उत्तर इथेच देतो. सुटलेला अमोनिया युरिया चक्रात जातो हे खरं, पण त्याचा हिशेब करून बघ. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्या माणसाच्या पोटात साडेनऊ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन जातो. ३०० मिलिग्रॅम आयसोनायझिडमध्ये एकूण नायट्रोजन ९२ मिलिग्रॅम, आणि त्यातलाही फार थोडा अमोनिया होतो. एक वाटी डाळीपुढे तो काहीच नाही. औषध घेताना ब्लड युरिया वाढला तर किडनी, पाण्याची कमतरता किंवा आतड्यातला रक्तस्राव बघायचा, औषधातला नायट्रोजन मोजत बसायचं नाही.

आता उलट बाजू. शेजारच्या कार्बनवर हायड्रोजनच नसेल तर काय? इथे खरा धोका सुरू होतो, कारण मग ऑक्सिजन थेट नायट्रोजनवर येतो. याचं आपल्याकडे सर्वांत ओळखीचं उदाहरण डॅप्सोन. कुष्ठरोगावरच्या बहुविध औषधोपचारात मोठ्या माणसाला ते रोज १०० मिलिग्रॅम मिळतं. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने गावोगाव सर्वेक्षण करून रुग्णांना घरी राहून उपचार देण्याची जी पद्धत उभी केली, ती याच सल्फोन गोळीच्या जोरावर. डॅप्सोनचे दोन्ही नायट्रोजन बेंझिनच्या कड्यावर बसलेले आहेत. शेजारचा कार्बन कड्यातला, त्यावर हायड्रोजन नाही. २ई१ आणि २सी९ हे एन्झाइम नायट्रोजनलाच ओएच लावतात आणि हायड्रॉक्सिलअमाइन तयार होतं.

ते रक्तातल्या लाल पेशीत शिरून हिमोग्लोबिनचं लोह फेरसचं फेरिक करतं. मेथेमोग्लोबिन तयार होतं, ज्याला ऑक्सिजन धरता येत नाही. वाईट म्हणजे हायड्रॉक्सिलअमाइन स्वतः नायट्रोसो होतं, पेशीचं रक्षण करणारं ग्लुटाथिओन त्याला पुन्हा हायड्रॉक्सिलअमाइन करतं आणि तोच रेणू परत कामाला लागतो. ओठ निळसर, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८५च्या आसपास अडकलेला, ऑक्सिजन लावूनही हलत नाही, आणि सिरिंजमध्ये काढलेलं रक्त चॉकलेटी. ते हवेत ठेवलं तरी लाल होत नाही. एकदा बघितलेला डॉक्टर ते विसरत नाही. उतारा मिथिलीन ब्लू, पण जी६पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या रुग्णाला तो देता येत नाही, आणि नेमक्या त्याच रुग्णांत डॅप्सोनने रक्तपेशीही फुटतात. म्हणून डॅप्सोन सुरू करण्याआधी जी६पीडी तपासावी, असं माझं ठाम मत आहे. सल्फामिथॉक्साझोल या जंतूंवरच्या औषधाची अंगभर उठणारी ॲलर्जीही याच हायड्रॉक्सिलअमाइन आणि नायट्रोसोच्या वाटेने येते.

नायट्रोजनवर ऑक्सिजन बसणं दर वेळी घातकच असतं असं मात्र नाही. फ्लेविन असलेला एफएमओ३ हा यकृतातला एन्झाइम तृतीयक अमाइनला एन-ऑक्साइड बनवतो. ते पाण्यात विरघळतं, लघवीतून निघून जातं. माशाच्या वासाचं ट्रायमिथाइलअमाइन तोच निकामी करतो, आणि ज्यांच्यात जन्मतः तो एन्झाइम नसतो त्यांच्या घामाला, श्वासाला तो वास येत राहतो. पॅरासिटामॉलमधला अमाइड नायट्रोजन, लॅमोट्रिजिनवर थेट लागणारा ग्लुकुरोनाइड हेही स्वतंत्र विषय आहेत; ते इथे सोडतो.

एक गोष्ट मात्र सोडवत नाही, कारण दवाखान्यात ती रोज भेटते. नायट्रोजन एन्झाइमलाच बंद पाडू शकतो. एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या रेणूतल्या साखरेवर डायमिथाइलअमाइन आहे. ३ए४ एक मिथाइल काढतो, दुसरा काढतो, मग उघड्या पडलेल्या नायट्रोजनला ऑक्सिजन लावतो आणि त्यातून बनलेलं नायट्रोसो संयुग त्याच एन्झाइमच्या लोहाला घट्ट चिकटतं. कुलपात किल्ली तुटून अडकावी तसा तो एन्झाइम कायमचा बाद होतो. यकृताने नवा एन्झाइम बनवेपर्यंत, म्हणजे पुढचे काही दिवस, उणीव भासते. क्लॅरिथ्रोमायसिनचंही तसंच. म्हणून कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्याला क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर स्नायू दुखून लघवी कोकमाच्या रंगाची होऊ शकते. ॲझिथ्रोमायसिन हे फारसं करत नाही, त्यामुळे अशा रुग्णात माझी पसंती त्याला.

इट्राकोनॅझोल आणि केटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधांना तर तुटायचीही गरज पडत नाही. त्यांच्या कड्यातल्या नायट्रोजनची मोकळी जोडी सरळ हीमच्या लोहावर बसते आणि ऑक्सिजनची जागा अडवते. बुरशीच्या याच कुटुंबातल्या एन्झाइमला बंद करणं हाच त्यांचा औषधी गुण आहे, आपला ३ए४ फुकटात सापडतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे न हटणारं गजकर्ण इतकं वाढलंय की इट्राकोनॅझोलचे महिना-महिना चालणारे कोर्स सर्रास दिले जातात. रुग्ण त्वचेच्या डॉक्टरला कोलेस्टेरॉलची किंवा बीपीची गोळी सांगत नाही, कारण त्याच्या मते त्याचा खाजेशी काही संबंध नाही. फार्मसीच्या काउंटरवर हे पकडणारी व्यक्ती तू असशील, म्हणून सांगतो: इट्राकोनॅझोलची चिठ्ठी आली की बाकीच्या गोळ्या विचारायच्याच.

आता आयसोनायझिड. हा रेणू १९१२ साली प्रागमध्ये बनवला गेला, पण तो टी.बी.वर चालतो हे कळायला १९५०चं दशक उजाडलं. तीन नायट्रोजन आहेत: एक पिरिडिनच्या कड्यात, तो शांत असतो, उरलेले दोन एकमेकांना जोडलेले, हायड्रॅझाइड. टोकाच्या नायट्रोजनला शेजारी कार्बनच नाही, त्यामुळे पी-४५०ची नेहमीची वाट बंद. इथे एनएटी२ हा एन्झाइम असिटाइल कोएन्झाइम ए कडून असिटाइल गट घेऊन त्या नायट्रोजनवर बसवतो. औषधाची ताकद तिथेच संपते.

पण एनएटी२चं जनुक सगळ्यांचं सारखं नसतं. जलद असिटायलेशन करणाऱ्यांत आयसोनायझिडचं रक्तातलं अर्धायुष्य साधारण एक तास, मंद असणाऱ्यांत दोन ते चार तास. जपानमध्ये बहुसंख्य लोक जलद आहेत. भारतात निम्म्याहून अधिक मंद. म्हणजे आपल्याकडे मंद असणं हीच सर्वसाधारण स्थिती आहे. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात १९६०च्या आसपास या दोन्ही गटांचा अभ्यास झाला तेव्हा हातापायांना मुंग्या येणं, तळव्यांची आग होणं हे मंद गटात जास्त दिसलं. कारण असं की साचलेलं आयसोनायझिड शरीरातल्या बी-६ जीवनसत्त्वाला चिकटून ते वापरातून काढून टाकतं. भावाला पायरीडॉक्सिनची, म्हणजे बी-६ची, छोटी गोळी मिळत असेल ती यासाठी. बऱ्याच जणांना ती 'ताकदीची गोळी' वाटते आणि पोट भरल्यासारखं वाटलं की पहिली तीच बंद होते. तसं करू देऊ नकोस.

यकृताचा त्रास कसा होतो ते आता समजेल. असिटाइल लागलेलं आयसोनायझिड पुढे पाण्याने तुटतं, एका बाजूला आयसोनिकोटिनिक आम्ल आणि दुसऱ्या बाजूला असिटाइलहायड्रॅझिन. या असिटाइलहायड्रॅझिनपुढे दोन वाटा आहेत. एनएटी२नेच त्यावर दुसरा असिटाइल बसवला तर ते निरुपद्रवी होतं. ते जमलं नाही तर २ई१ त्याचं ऑक्सिडेशन करतो आणि यकृतपेशीच्या प्रथिनांना चिकटणारे आक्रमक तुकडे तयार होतात. शिवाय मूळ आयसोनायझिड असिटाइल न लागताच तुटलं तर सरळ हायड्रॅझिन सुटतं, आणि सोबतचं रिफाम्पिसिन ही वाट वाढवतं. १९७०च्या दशकात समज असा होता की जलद लोकांत विषारी पदार्थ लवकर बनतो, म्हणून धोका त्यांना जास्त. पण एनएटी२ विष बनवण्याच्या वाटेवर एकदा आणि ते निकामी करण्याच्या वाटेवर एकदा, असा दोनदा लागतो. मंद माणूस दुसऱ्या ठिकाणी मार खातो, आणि पुढच्या अभ्यासांनी कल मंद गटाकडेच दाखवला. दारू २ई१ वाढवते, म्हणून उपचार चालू असताना दारू अजिबात नको, हा सल्ला नुसता धाक घालायला दिलेला नसतो.

आयसोनायझिड फेनिटॉइन हे फिटवरचं औषध साफ करणाऱ्या एन्झाइमनाही अडवतं. ते चालू असेल तर चाल लडखडणं, डोळे थरथरणं दिसू शकतं आणि तेही मंद गटात जास्त. रिफाम्पिसिन उलट दिशेने ओढतं, त्यामुळे अंदाज बांधण्यापेक्षा रक्तातली पातळी बघावी. आणि कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर एक सांगून ठेवतो. आयसोनायझिड हिस्टामिन तोडणारा एन्झाइमही बंद करतं. बर्फात नीट न ठेवलेल्या बांगड्यात आणि ट्यूनात हिस्टामिन साचतं. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, छातीत धडधडणं झालं की लोक टी.बी.च्या गोळ्यांना दोष देऊन त्या सोडतात. मासा ताजा असेल तर खुशाल खावा.

एनएटी२ची जनुकीय तपासणी करून डोस ठरवता येतो. जपानमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मंद गटाला निम्मा डोस दिल्यावर यकृताचा त्रास नेहमीच्या डोसपेक्षा बराच कमी झाला. आपल्याकडे ही तपासणी नेहमीच्या उपचारात नाही आणि वजनाप्रमाणे ठरलेल्या एकत्रित गोळ्या दिल्या जातात, ज्यात पायराझिनामाइडही असतं आणि तेही यकृताला जड जातं. त्यामुळे लक्ष लक्षणांवर ठेवायचं. अचानक भूक मरणं, सतत मळमळ, उलटी, पोटाच्या उजव्या बाजूला वरती दुखणं, चहासारखी लघवी. यातलं काही दिसलं तर डोळे पिवळे व्हायची वाट न बघता त्याच दिवशी एसजीपीटी आणि बिलिरुबिन करून उपचार देणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं. लक्षणं असताना एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट झालं, किंवा लक्षणं नसताना पाचपट झालं, तर डॉक्टर औषधं थांबवतात आणि यकृत सावरलं की एकेक करून पुन्हा सुरू करतात. तो निर्णय घरी घ्यायचा नाही, कारण औषध अर्धवट सोडल्यामुळे आयसोनायझिडला न जुमानणारा झालेला टी.बी. बरा करणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.